गोधडीतलं नळकांडं

आमचे घरमालक कुकरच्या समोर कधी उभे राहायचे नाहीत. शिट्टी झाली की काकूंच्या आधी ते ओट्याशी पोचायचे आणि काकूंना कोपराला धरून बाजूला करायचे. "झाकणाच्या म्होरं थांबू नको. झाकण कोणाचं नसतं." काकू वरणाचा चमचा तसाच हातात धरून म्हणायच्या, "तीस वर्षं जहाजावर होता तवा कोण करत होतं मला बाजूला?" पण दुसऱ्या दिवशी शिट्टी झाली की पुन्हा तेच.

नवीन जालन्यात त्यांच्या वरच्या मजल्यावर आम्ही भाड्याने राहत होतो. बाबांची बदली झाली होती आणि मला एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली होती. ओल्या कागदावर मांडलेल्या दाण्यांपैकी किती उगवले ते बघायचं, हे माझं काम. दिवसभर कुणाशी बोलावं लागत नाही म्हणून मला ते आवडायचं. मी इंग्रजी शाळेत शिकलेली. माझं मराठी पुस्तकी आहे हे गल्लीतल्या बायकांनी पहिल्याच आठवड्यात हसून सांगितलं होतं. तेव्हापासून मी कुठल्याही प्रश्नाला एकच शब्द द्यायची. ठीक.

काकांना हा शब्द सोसायचा नाही.

"कसं काय पोरी, नोकरी?"

"ठीक."

"ठीक म्हंजे किती?"

मला वाटलं, चेष्टा चाललीय. पण ते खरंच उत्तराची वाट बघत जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभे होते. मी जरा विचार करून म्हणाले, "शंभरात सत्तर." तेव्हा कुठे त्यांनी वाट दिली. "आता समजलं. ठीक हा काही आकडा न्हाई."

गल्ली त्यांना कप्तान म्हणायची. त्यांना ते अजिबात आवडायचं नाही. "कप्तान वर बसतो, हवेला. मी खाली होतो, इंजिनापाशी. खालचा बंद पडला तर वरचा नुसता बसलेला माणूस." गाव त्यांचं वडीगोद्रीकडचं. चुलत्याच्या ओळखीनं मुंबईला गेले, गोदीत लागले, तिथून जहाजावर. जगातली सगळी मोठी बंदरं पाहिली होती, पण त्यांबद्दल विचारलं तर प्रत्येक बंदराचं एकच वर्णन असायचं: तिथलं समुद्राचं पाणी किती गार होतं आणि त्यामुळे इंजिन किती खूश होतं.

त्यांना प्रत्येक यंत्राचा ताप बघायची सवय होती. उलटा हात, बोटांची मागची बाजू, आई लेकराच्या कपाळाला लावते तशी. फ्रिजला लावायचे, पाण्याच्या मोटारीला लावायचे, बाबा ऑफिसातून आले की स्कूटर स्टँडवर लागायच्या आत तिला लावायचे. "आज पळवली तुम्ही, साहेब." बाबा ओशाळून म्हणायचे, "थोडी." आतून काकू ओरडायच्या, "थोडी म्हंजे किती, ते बी सांगून टाका!"

हाताची मागची बाजूच का, हे मी एकदा विचारलं होतं. मी आपणहून त्यांना विचारलेला तो पहिला प्रश्न असावा. ते म्हणाले, "तळवा खोटं बोलतो. कामानं जाड झालेला असतो. मागची कातडी अजून शाळेत जाते."

जालन्यात समुद्र नाही. पण समुद्राचं लोखंड जालन्यात येतं. इथल्या भट्ट्यांना भंगार लागतं, आणि त्या भंगारात कधी कधी तोडलेल्या जहाजांचे आणि मोठ्या होड्यांचे तुकडे असतात. काका सायकलवरून भंगारवाल्यांकडे फिरायचे. त्यांना एकच वस्तू हवी असायची: इंजिन थंड ठेवणारं नळकांडं. माझ्या हाताएवढं लांब, पितळी, बाहेरून अगदीच साधं. ते काय आहे हे त्यांनी मला न्हाणीघरातला बंब दाखवून समजावलं होतं.

"बंबात काय असतंय? मधी नळी. नळीत आग, भवती पाणी. आगीची ऊब पाण्याला. बराबर? आता ह्याच्यात एक नळी न्हाई, पुष्कळ बारक्या नळ्या. नळ्यांत समुद्राचं गार पाणी, भवती इंजिनाचं उकळतं पाणी. इंजिनाची आग समुद्र घेऊन जातो. दोघं शेजारी राहतात, पण एकमेकाला शिवत न्हाईत. शिवले, की संपलं."

एखाद्या नळीला बारीक छिद्र पडलं तर इंजिनाचं पाणी समुद्रात निघून जातं, इंजिन तापतं आणि किनारा दिसत नाही अशा जागी बंद पडतं. म्हणून असं जुनं नळकांडं कुणा होडीवाल्याला द्यायचं तर आधी दाब देऊन तपासलं पाहिजे. जहाजावर त्यासाठी साधनं होती. इथे त्यांच्याकडे अंगण होतं, आणि हट्ट.

त्यांची पहिली दाब-चाचणी मी गॅलरीतून पाहिली. नळकांड्याची सगळी तोंडं त्यांनी रबर आणि पत्र्याच्या चकत्या लावून बंद केली होती. एका चकतीला सायकलचा व्हॉल्व्ह बसवलेला. पायपंपानं ते हवा भरत होते आणि मोजत होते. मग एक चकती उडाली. ती थेट समोरच्या घराच्या पाण्याच्या पिंपावर जाऊन आदळली. आमच्याकडे नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं. पिंपाला भोक म्हणजे काय, हे जालन्याबाहेरच्या माणसाला सांगून कळणार नाही. समोरच्या मावशी साडी खोचून बाहेर आल्या. "कप्तान, समुद्रात न्हाई मारलं कुणाला, आता गल्लीत मारता का?"

काकांनी त्याच दिवशी आपलं पिंप त्यांच्या दारात नेऊन ठेवलं, पाण्यासकट. मग पायरीवर येऊन बसले. मी जिना उतरत होते. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "हवा डूख धरते. दाबली की लक्षात ठेवती, अन् सुटली की मारती. पाणी डूख धरत न्हाई. चूक माझी झाली."

तिथून पुढे सगळं पाण्यावर आलं. पाठीवरचा फवारणी पंप त्यांनी नवा कोरा आणला. जुना चालला असता, पण त्याला औषधाचा वास येतो आणि काकूंनी अंगणात येऊ दिला नसता. दाब दाखवणारा घड्याळासारखा काटा ठिबक सिंचनाच्या फिल्टरवरून काढला. पाइप ठिबकचा, रबर ट्रकच्या ट्यूबचं. चकत्या आता नुसत्या चिकटवलेल्या नव्हत्या, लांब बोल्टांनी एकमेकींना आवळलेल्या होत्या. आणि पाणी एकच, महिनोन्महिने तेच. चाचणी झाली की ते गाळून परत बादलीत. त्या बादलीला हात लावायची कुणाला परवानगी नव्हती. एकदा मोलकरणीनं ते पाणी कुंडीला घातलं, तेव्हा काका दुपारी जेवले नाहीत.

गल्ली हसायची. जालन्यात बसून समुद्राची सोय करतोय, म्हणायची. ते ऐकून घ्यायचे. चेहऱ्यावर राग नसायचा, फक्त पाना जरा जोरात फिरायचा.

तांडेल आले ते जुलैच्या अखेरीस. तांडेल म्हणजे होडीचा मुख्य, हे मला तेव्हा कळलं. रत्नागिरीच्या बाजूचे, पन्नाशीचे, उन्हानं काळेभोर झालेले. त्यांचा थोरला भाऊ आणि काका एका जहाजावर होते. त्यांच्या होडीचं इंजिन जुनं, त्याचं नळकांडं आता बाजारात मिळत नव्हतं. काकांना तसंच एक भंगारात सापडलं होतं आणि त्यांनी निरोप पाठवला होता. पावसाळ्यातली मासेमारीची बंदी उठायला थोडेच दिवस उरले होते. होडीवर तांडेल, त्यांचे दोन मुलगे आणि दोन खलाशी, अशी पाच माणसं जाणार होती.

"तपासलाय ना?" तांडेलांनी चहा घ्यायच्या आत विचारलं.

"तपासलंय. तुमच्या म्होरं परत तपासतो."

रविवार होता, मी घरी होते. नळ्यांच्या भोवती पाणी भरलं, पंपाचा दांडा हलला, काटा दीडवर आला, दीड किलो. इंजिनात असतो त्यापेक्षा जास्त दाब. अर्धा तास सगळे काट्याकडे बघत बसलो. तो हलला नाही. दोन्ही बाजूंनी उघड्या ठेवलेल्या नळ्यांची तोंडं कोरडी ठणठणीत होती.

"झाला तर!" तांडेल उठले. "दुपारची गाडी गावते मला."

काका उठले नाहीत. उलटा हात नळकांड्यावर ठेवून बसून राहिले. "हे गार आहे," ते म्हणाले.

"म्हंजे?"

"समुद्रात हे असं गार राहणार न्हाई. गारठ्यात बारीक चीर मिटून बसती. तापली की तोंड उघडती. मी आत्तापस्तोर सगळी गारच तपासली." शेवटचं वाक्य त्यांनी हळू म्हटलं. मग मोठ्यानं, "बंब पेटवा!"

काकू दारात होत्या. "तीन वाजता बंब? अन् पाणी?"

"उद्याच्या आंघोळीचं."

"उद्या कुणी आंघोळ करायची न्हाई का?"

"पाच माणसं हायेत," काका म्हणाले. लाकडं काकूंनीच आणून टाकली.

कढत पाणी भरलं. मग प्रश्न आला, पाणी निवायला लागलं की दाब आपोआप उतरतो, गळती असो वा नसो. काकांनी आतून गोधडी आणली आणि नळकांडं तिच्यात गुंडाळलं, नुसतं काट्याचं घड्याळ आणि नळ्यांची तोंडं बाहेर. तांडेलांना त्याही घाईत हसू आलं. "बारसा हाय काय?"

वाफेनं काकांचा चष्मा सारखा धुरकट होत होता. ते पुसायचे, पुन्हा धुरकट. शेवटी त्यांनी तो खिशात टाकला. "पोरी, तू वाच."

मी गुडघ्यावर बसले. काटा दीडच्या रेघेवर होता. समोरच्या मावशी, त्यांच्या सुना, दोन-तीन माणसं फाटकाशी जमली होती. इतक्या लोकांत मला कुणीतरी काही विचारतंय, याचंच मला ओझं झालं होतं. तांडेल पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. बंबात लाकूड तडकलं तेवढाच आवाज.

काटा हलताना दिसला नाही. उगवणारं रोपही हलताना दिसत नाही. पण मघाशी रेघ काट्याखाली पूर्ण झाकलेली होती, आणि आता तिची वरची कड दिसत होती.

"काय म्हणतो?" काकांनी विचारलं.

ठीक हा शब्द तोंडात तयार होता. नेहमी असतो. तांडेलांचं माझ्याकडे लक्ष होतं. त्यांना तोच हवा होता. काकांनाही, मला वाटतं, त्या क्षणी तोच हवा होता.

"दीडच्या खाली आलाय," मी म्हणाले. "काट्याच्या जाडीएवढा."

"काय?" मागून कुणीतरी विचारलं. माझा आवाज पोचला नव्हता.

"खाली आलाय!" या वेळी तो समोरच्या घरापर्यंत गेला असणार.

तांडेल लगेच म्हणाले, "पानी थंड होतंय, म्हनून. तुमीच तर मघाशी बोललाव, काका."

काकांनी मान हलवली. "हां. निवत असंल. तेवढं उतरतंच." नळकांडं देऊन टाकायला काकांचा हात तांडेलांच्या पिशवीकडे जाताना मी पाहिला. इतक्या महिन्यांत मी त्यांना पहिल्यांदा दमलेलं बघत होते.

मी गोधडीच्या आत हात घातला. उलटा, बोटांची मागची बाजू. चटका बसला. "निवलेलं नाही," मी म्हणाले. "भरलं तेव्हा केवढं होतं ते तुमच्या हाताला माहीत आहे. तुम्ही बघा."

त्यांनी हात लावला. बराच वेळ तसाच ठेवला. मग तांडेलांकडे वळले. "पोरगी बराबर आहे. हे जाणार न्हाई."

"काका, गळतंय कुठं? तोंडं बघा की, एक थेंब नाय!" तांडेलांचा आवाज चढला होता. "आठवड्यात सगळ्या होड्या सुटतील. माजी एकटी किनाऱ्यावर. पोरांना काय सांगू, जालन्याच्या एका पोरीला काटा हललेला दिसला?"

"तेच सांगा," काका म्हणाले.

पण तांडेल खोटं बोलत नव्हते. तोंडं खरंच कोरडी होती. काका एका एका नळीत डोकावत होते. मग एकदम थांबले. "कढत नळीत थेंब टिकंल कसा? निघाला की सुकला. पाणी जातंय, खूण राहत न्हाई. खूण राहील असं काहीतरी पाहिजे. नीळ! नीळ आण ग!"

काकूंनी कपड्यांच्या निळीची बाटली आणली. ती पाण्यात घातली, पाणी पुन्हा तापवलं, पुन्हा भरलं, पुन्हा गोधडी, पुन्हा दीड. काका रुमालाचं टोक पिळून नळीत घालू बघत होते. जाईना.

"रुमाल कसा जाईल?" काकू म्हणाल्या. त्या आत गेल्या आणि स्टीलचा डबा घेऊन आल्या. श्रावणासाठी वळलेल्या समईच्या वाती. परतूरच्या माहेरचा कापूस. "वात जाईल. दोन-दोन पिळून घाला."

"देवाच्या आहेत," काका म्हणाले.

"मंग? देवाला काय मासे कळत न्हाईत?"

फाटकातल्या मावशी आत आल्या. त्यांच्या सुनाही. सगळ्या बायकांनी अंगणात बसून वाती पिळल्या आणि एकेका नळीत घातल्या, आधी या बाजूनं, मग त्या. गोधडीतून डोकावणारं ते नळकांडं दोन्हीकडून पांढऱ्या केसांच्या म्हातारीसारखं दिसत होतं. तांडेल भिंतीला टेकून उभे होते. त्यांची गाडी केव्हाच गेली होती.

बराच वेळ वाट बघून काकांनी वाती काढायला सुरुवात केली. एक काढायची, उजेडाकडे धरायची, बाजूला ठेवायची. पांढरी. पांढरी. पांढरी. खालच्या ओळीतली एक काढली आणि ते थांबले. तिचं टोक निळं होतं. नखाएवढंच, पण निळं.

ती वात त्यांनी तांडेलांच्या हातात दिली. तांडेलांनी ती दोन बोटांत धरली, वास घेतला, का ते मला माहीत नाही, आणि खाली बसले. जरा वेळानं त्यांनी माझ्याकडे बघून हात जोडले. मला काय करावं ते कळेना. मी जिन्यानं वर निघून गेले.

पुढचं काम साधं होतं. दुसऱ्या दिवशी औद्योगिक वसाहतीतल्या एका लेथवर पितळेच्या दोन निमुळत्या खुंट्या करून घेतल्या आणि त्या एका नळीची दोन्ही तोंडं ठोकून बंद केली. "एक नळी गेली तर बाकीच्या भागवतात," काका म्हणाले, "घरासारखं." संध्याकाळी मी कंपनीतून आले तर बंब पेटलेला होता. या वेळी काकूंनी विचारलंही नव्हतं. पुन्हा निळं पाणी, पुन्हा गोधडी, पुन्हा वाती, आणि काट्यापाशी माझी जागा रिकामी ठेवलेली. काटा रेघेवर राहिला. सगळ्या वाती पांढऱ्या निघाल्या. तांडेलांनी त्या मोजल्या नाहीत, पण प्रत्येक वात स्वतः उजेडाकडे धरून बघितली, आणि त्यातली एक खिशात ठेवली.

ती गोधडी पुन्हा कधी स्वच्छ झाली नाही. निळे डाग तसेच राहिले. काकू ती पाहुण्यांना दाखवायच्या. "आमच्या ह्यांचं लेकरू होतं हिच्यात. होडीवर गेलं."

बंदी उठून काही दिवस झाले आणि तांडेलांचा फोन आला नाही. त्या दिवसांत काकांनी बाबांच्या स्कूटरचा ताप दोनदा बघायला सुरुवात केली. एकदा जिन्यात मला म्हणाले, "समुद्रात रेंज नसते." मी म्हणाले, "हो." दोघांनाही ते आधीच माहीत होतं.

एका संध्याकाळी मी पायरीवर चप्पल काढत होते तेव्हा त्यांचा मोबाइल वाजला. व्हिडिओ कॉल. त्यांना तो उचलता यायचा नाही, त्यांनी तो माझ्या हातात दिला. पडद्यावर आधी आभाळ आलं, मग एक कान, मग तांडेल. मागे इंजिनाचा एकसारखा आवाज आणि राखाडी पाणी, वर-खाली. किनारा नुकताच दिसायला लागला होता, ते परत येत होते. मुलगे मागे हात हलवत होते. काकू, समोरच्या मावशी, सगळ्या धावत आल्या. एवढा समुद्र त्या अंगणात कधी आला नव्हता.

"काका!" तांडेल वाऱ्यावर ओरडले. "सगळा ठीक हाय!"

काकांनी तोंड उघडलं. पण त्यांच्या आधी मी बोलले, मोठ्यानं, समुद्रावर ऐकू जाईल इतक्या.

"ठीक म्हणजे किती? काटा दाखवा."

पलीकडे तांडेल हसले. चित्र हललं, फळ्या दिसल्या, पायऱ्या, अंधार. ते खाली इंजिनापाशी उतरत होते. मी वाट बघत फोन धरून उभी राहिले, आणि इंजिन पडद्यावर यायच्या आत काकांनी मला कोपराला धरून हळूच त्याच्या समोरून बाजूला केलं, काकूंना कुकरपासून करतात तसं.